कशी दिसत होती

मी पिशवी घेऊन चंद्राबाईच्या बांधावरच्या बोरीकडं निघाले, की गावाला कळतं, मुसलमान गल्लीतली कुणीतरी बाई गेली. बोरीचा पाला पाण्यात उकळून त्या पाण्यानं मयताला शेवटची अंघोळ घालतात. आम्ही त्याला गुसल म्हणतो. आमच्या गावात बायकांना गुसल देणारी मी एकटीच उरले आहे. चंद्राबाई पाला कशाला म्हणून विचारत नाही. "कोण गं?" एवढंच म्हणते, मी नाव सांगते, आणि ती काठीनं फांदी खाली ओढून धरते.

गाव विट्याहून औंधला जाताना लागतं. मी तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते, आता पेन्शनीत आहे. घरात आम्ही दखनी बोलतो आणि उंबरा ओलांडला की मराठी. जन्मभर पोरांची मराठी तपासल्यामुळं मी लिहायला बसले की आमच्या माणसांच्या तोंडीही मराठीच येते. त्याला माझा इलाज नाही.

गुसल मी अम्मीकडून शिकले. ती म्हणायची, मयताला दुखतं असं समजून पाणी घालायचं. कोमट पाणी, पडद्याआड, अंगावर कापड ठेवूनच. मग कापराचं पाणी, मग कफनाचे पाच कपडे, केसांचे दोन पेड छातीवर. हे काम मला आवडतं असं म्हटलं तर लोक दचकतात, म्हणून मी म्हणत नाही. पण जमातीत माझ्या मताची गरज कुणाला नाही आणि माझ्या हातांची आहे, एवढं मला त्या कामातून कळतं.

मताची गोष्ट अशी झाली. मशिदीवर दुसरा मजला चढवायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, वरची एक खोली बायकांच्या नमाजाला ठेवा. एवढंच म्हटलं. जमातीचे अध्यक्ष शमशेरभाई, त्यांचं गाद्या-उशांचं दुकान आहे, ते म्हणाले, "बायकांनी घरात पढावी नमाज. घरं काय गळत्यात का?" लोक हसले. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव आड आला आणि मी तेच वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवलं. ते छापून आलं. तेव्हापासून मला लग्नाच्या दावती यायच्या बंद झाल्या. बहिष्कार कुणी टाकला नाही. त्याविरुद्ध कायदा झालाय, हे शमशेरभाईंना चांगलं ठाऊक आहे. ते नुसतं विसरतात. साखरपुड्याला विसरतात, बाळाचं जावळ काढतात त्या अकीक्याला विसरतात, ईदच्या दिवशी गल्लीत समोरासमोर आलं तरी विसरतात. मयत झालं की मात्र फोन पहिला मला येतो.

माझी लेक शिफा पुण्यात असते. दर फोनला तिचा एकच प्रश्न, "अम्मी, तिथं तुझं काय ठेवलंय?" मी म्हणायची, घर आहे. ती म्हणायची, घर विकता येतं. मी पाच वेळची नमाज पढते. रोजे धरते. ज्या जमातीनं मला बाहेर बसवलंय तिच्याच अजानीला माझं डोकं आपोआप झाकलं जातं. पुण्याला गेले तर तिथल्या कुठल्याशा मशिदीत बायकांना जागाही मिळेल, पण तिथं माझं कुणी मयत नाही. असलं काही लेकीला सांगितलं तर ती मला डॉक्टरकडं नेईल.

शेवटी या हिवाळ्यात मी जायचं ठरवलं. भांडी खोक्यांत भरली. हे गावात मी फक्त एका माणसाला सांगितलं, शमशेरभाईंच्या बायकोला, हमीदाभाभीला.

हमीदाभाभी नवऱ्याला कधी उलटून बोलली नाही. पण दर मोहरमला ती मागल्या दारानं माझ्याकडं खिचड्याचं पातेलं घेऊन यायची. पदराखाली झाकून आणायची, जणू काही चोरीचा माल आहे. "गरम हाय तवर खा," म्हणायची आणि आली तशी जायची. तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला, सांगलीच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि यंदाच्या मोहरमला खिचडा आला नाही. म्हणून जायचं ठरल्यावर मीच मागल्या दारानं तिच्याकडं गेले.

ती खाटेवर होती. हात सुईनं काळेनिळे झालेले. माझं पुण्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जा बाई. पर माझं करून जा."

"असलं बोलू नका भाभी."

"का? तू मास्तरीण, तुला खरं बोललेलं चालतं की. ऐक. माझं गुसल झालं की ह्येंना आत आण. माझं तोंड बघू दे त्यास्नी."

मला हसू आलं, रागाचं. आमच्या गावात असं मानतात, की बायको मेली की निकाह तुटला, नवरा परका झाला. त्यानं तिचं तोंड बघायचं नाही, जनाज्याला खांदाही द्यायचा नाही. मुलं बघतात, भाऊ बघतात, नवरा अंगणात भिंतीकडं तोंड करून बसतो. आणि हा नियम कुणी मोडू नये म्हणून दारात उभा राहणारा माणूस म्हणजे हिचाच नवरा.

"तुमाला ठाऊक हाय ना भाभी, दारात कोण आडवा हुतो?"

"म्हणून तर तुला सांगते. दुसरं कुणी त्यांच्याफुडं तोंड उघडतंय का?" ती लाजल्यासारखं हसली. "पहाटं ते नमाजाला उठले की आदी माझ्या तोंडाकडं बघत्यात. उठवत न्हाईत. नुसतं बघत्यात. मी झोपल्याचं सोंग घेते. लग्न झाल्यापासनं."

मी शब्द दिला. देताना मनात सरळपणा होता असं म्हणणार नाही. माझी अम्मी गेली तेव्हा दारात असाच हात आडवा धरून शमशेरभाई उभे होते. माझे अब्बा शिंपी. गळ्यात टेप तसाच राहिलेला, त्यांनी एकदा विचारलं, "लांबूनच बघू का?" शमशेरभाई म्हणाले, "चाचा, आता तुमी तिला परके." अब्बा ओट्याच्या पायरीवर बसले. त्यानंतर जितकी वर्षं जगले तितकी वर्षं मशीन थांबवून मला विचारायचे, "तुझी अम्मी कशी दिसत होती गं?" मी म्हणायची, झोपल्यासारखी. ते म्हणायचे, "झोपल्यावर तर ती घोरायची," आणि पुन्हा मशीन चालू करायचे. ते मेले तेव्हाही त्यांना उत्तर मिळालेलं नव्हतं.

हमीदाभाभी माघात गेली. सकाळी जमातीच्या ग्रुपवर मेसेज पडायच्या आधी मला फोन आला होता. मी पिशवी घेऊन बांधावर गेले. चंद्राबाईनं विचारलं, मी नाव सांगितलं. तिनं फांदी धरली आणि म्हणाली, "लय गुणाची बाई. नवरा तेवढा कडू." पाला नेहमीपेक्षा जास्त तोडून दिला.

घरी पडदे लावले, चुलीवर पाणी ठेवलं. हाताखाली तिची सून यास्मिन होती. रडत होती, पण तिचा हात हलका होता. भाभीचं अंग कोरड्या पाचोळ्याइतकं हलकं झालेलं. मी तिच्याशी बोलत बोलत पाणी घातलं, आता उजवी कूस भाभी, आता डावी. मी नेहमी बोलते, अम्मीची सवय. कफन घातलं, पेड घातले, ओढणी बसवली. तोंड झाकायची वेळ आली तेव्हा मी यास्मिनला म्हटलं, थांब. आणि डोक्यावरचा पदर घट्ट करून बाहेर अंगणात गेले.

अंगणात मांडव घातलेला आणि सगळी जमात बसलेली. पुरुषांत बाई आली म्हणून आधीच कुजबुज झाली. शमशेरभाई भिंतीकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. जो नियम त्यांनी दुसऱ्यांना लावला तो स्वतःलाही लावून घेतला होता, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

"शमशेरभाई," मी म्हटलं, "चला. भाभीचं तोंड बघून घ्या."

ते वळले नाहीत. "परवीन, ही वेळ हाय का असलं बोलायची?"

"मग कवाची वेळ? पुरल्यावरची? भाभीनं मला सांगितलंय. तिची इच्छा हाय."

"तिला धर्माचा मसला ठाऊक न्हवता. मयत झालं की निकाह सपला. मी परका."

"कुणी सांगितलं?"

"वाडवडलांपासनं हाय."

"वाडवडलांचं सोडा. शरियत काय म्हणते ते इचारू." मौलाना मुजीब पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते. कोवळं पोरगं, अथणीकडचं, दोन वर्षांपूर्वी आमच्या मशिदीत आलेलं. मी त्यांना म्हटलं, "मौलाना, तुमी सांगा. नवऱ्याला बायकोचं तोंड बघता येतं का न्हाई?"

मौलानांनी एकदा अध्यक्षांच्या पाठीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग खाली बघून म्हणाले, "येतं."

मांडवातल्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"गुसल देता येत न्हाई. उघड्या अंगाला हात लावता येत न्हाई," ते म्हणाले. "पण बघायला मनाई न्हाई. खांदाबी देता येतो. कबरीत उतरताबी येतं."

आता शमशेरभाई वळले. "मग दोन वरसं तुमी बोलला का न्हाई?"

"मला कुणी इचारलंच न्हाई." पोरगं रडकुंडीला आलेलं. "मला वाटलं, इथली माणसं आपणहूनच जात न्हाईत. रडू येतं म्हणून."

माझी जीत झाली होती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अब्बांची आठवण झाली आणि छाती भरून आली, चांगल्या अर्थानं नाही. म्हटलं, आता कळू दे. सगळ्या जमातीसमोर कळू दे, की ज्याचा एवढा बडेजाव केला तो नियम नव्हताच.

तेवढ्यात मकबूलचाचा उठले. जुने गवंडी, पाठीत वाकलेले. त्यांची साईराबी कोरोनाच्या पुढच्या वर्षी गेली. तिलाही गुसल मीच दिलं होतं. ते कुणाकडं बघत नव्हते. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजे मला बघता आलं असतं?"

मागच्या बाजूला आणखी एक म्हातारे नुसतेच उभे राहिले. मग आणखी एक. त्या मांडवात बायको गेलेले किती पुरुष बसलेत, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. मी फक्त बायका मोजत आले होते. माझ्या छातीतली ती जीत तिथंच विरली, कारण त्या माणसांची तोंडं बघवत नव्हती. मी एक दार उघडायला गेले होते आणि भलतीच सगळी दारं उघडली होती, ज्यांच्या आत आता कुणीच नव्हतं.

मकबूलचाचा पुढं आले आणि त्यांनी शमशेरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "जा रं शमशेर," म्हणाले. "तू तरी बघ."

शमशेरभाई उठले. दोन पायऱ्या चढून उंबऱ्यापर्यंत आले. मी पडदा बाजूला धरला. तिथून आतली खाट दिसत होती, पायाकडची बाजू. एक पाऊल आत टाकलं असतं तर तोंड दिसलं असतं. त्यांनी मागं वळून मांडवाकडं बघितलं. उभे राहिलेले म्हातारे तसेच उभे होते.

"ह्या सगळ्यांस्नी मी आडवलं," ते हळू म्हणाले. "आता मी कसा जाऊ?"

"शमशेरभाई, आत ती वाट बघतीय."

"झाक," ते म्हणाले. "तोंड झाक तिचं." आणि पायऱ्या उतरून परत भिंतीकडं तोंड करून बसले.

मी आत गेले. या माणसाला मी धर्माचा कट्टर समजत होते. आज धर्मानं स्वतः परवानगी दिली तरी हा आत आला नाही, आणि का आला नाही ते मला पुरतं कळलं, म्हणून मला आणखीच राग आला. मी लगेच तोंड झाकलं नाही. यास्मिनला बाजूला बसवलं आणि भाभीकडं बघत राहिले. नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्यांच्या वाटणीचं मीच बघून घेतलं. मग ओढणी ओढली. जनाजा निघाला तेव्हा शमशेरभाई सगळ्यांत मागं चालत होते. त्यांनी खांदाही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खोकी बांधत होते. शिफा गाडी पाठवणार होती. मकबूलचाचा आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"साईराला तूच धुतलं हुतं न्हवं?"

"व्हय चाचा."

"कशी दिसत हुती?"

मी हातातली सुतळी खाली ठेवली. साईराबीच्या कपाळावर गोंदण होतं, हे मला आठवत होतं. मी ते सांगितलं. हात मेंदीनं रंगलेले होते, सुनेच्या माहेरच्या लग्नाला जायचं होतं म्हणून, हेही सांगितलं. चाचा म्हणाले, "मेंदी मी आणली हुती. विट्याहून." मग पाणी प्यायले आणि गेले.

संध्याकाळी दुसरे आले. मग पुढच्या आठवड्यात कोरेगावला लेकाकडं राहायला गेलेले एक म्हातारे एसटीनं मुद्दाम आले. या माणसांतल्या कितींनी मला ईदला ओळख दाखवली नव्हती. ते मागल्या दारानं आले नाहीत, पुढल्या दारानं, दिवसाउजेडी आले, आणि सगळ्यांचं विचारणं एकच. सगळ्याजणी मला आठवत होत्या असं नाही. आठवलं तेवढं सांगायची. नाही आठवलं तिथं नाही म्हणायची. "झोपल्यासारखी" हा शब्द मी कुणालाच दिला नाही. शिफाचा फोन आला, "कधी निघतेस?" मी म्हटलं, येते. पातेली खोक्यातून काढून परत फळीवर लावली, कारण आल्यागेल्याला चहा करावा लागत होता.

जमातीनं मला जवळ केलं असं समजू नका. त्यानंतरही एक लग्न झालं आणि दावत आली नाही. वरच्या मजल्यावर बायकांची खोली झाली नाही, आता तिथं गाद्या आणि सतरंज्या ठेवतात. मी जशी आहे तशीच आहे आणि ते जसे आहेत तसेच. एवढंच की, त्यांच्या मेलेल्या बायका माझ्याजवळ आहेत आणि त्यांना ते माहीत आहे. आपलेपणा यालाच म्हणतात का, मला ठाऊक नाही. मला दुसरा मिळाला नाही.

हमीदाभाभीचा चाळिसावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शमशेरभाई आले.

ओट्यावर बसायला मी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. पायरीवर बसले, अब्बा बसायचे तिथंच. दाढी वाढलेली, टोपी मळलेली. मी विचारलं नाही. विचारायचं त्यांनी होतं.

"ती झोपल्याचं सोंग घ्यायची," शेवटी ते म्हणाले. "तिला वाटायचं मला कळत न्हाई. खरी झोपली की भुवया सरळ असायच्या. सोंग घेतलं की डावी भुवई जरा वर चढायची. तवा कशी हुती? वर हुती का?"

मी त्यांच्याकडं बघितलं. वर होती, एवढे दोन शब्द मी उच्चारले असते तर तो माणूस त्या पायरीवरच संपला असता. अब्बांनी जेवढी वर्षं मशीन थांबवून विचारलं, तेवढी सगळी वर्षं त्या दोन शब्दांत फिटली असती. शब्द जिभेवर आले होते. देवाशपथ आले होते.

पण मी बघितलं होतं. त्यांच्या वाटणीचं म्हणून नीट बघितलं होतं.

"सरळ हुती," मी म्हटलं. "दोनी भुवया सरळ हुत्या, शमशेरभाई."

त्यांनी मान हलवली. दोनतीनदा हलवली. मग पायरीला हात टेकून सावकाश उठले.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "म्हंजे मी आलो न्हाई, ते तिला कळलं न्हाई."